बोलावणारीचं नाव हजेरीपटावर

बाई,

परवा तुमच्या दुखवट्याची सभा झाली. शाळेच्या ओसरीत सतरंजी टाकली होती. तुमचा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून खुर्चीवर तुमची शाल घडी करून ठेवली आणि तिलाच हार घातला. शालीला हार! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "निदान धुवून तरी ठेवायची." मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी हुंदका दिला, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

अध्यक्ष शाळा कमिटीचे पाटील. छप्पर गळतं म्हणून तुम्ही त्यांना जेवढे अर्ज केलेत, त्यांतला एक जरी त्यांनी उलगडून वाचला असेल तर मी कान कापून देईन. तेच पाटील तुमच्या त्यागावर बोलायला उभे राहिले ते बसेचनात. तुमचं नाव द्वारकाबाई होतं हे मला परवा कळलं. गावाला तुम्ही नुसत्या 'बाई' होतात, आणि पाठीमागे 'पुण्याची'.

मग पाटलांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या कौतिकाबाई. माळ्याच्या घरची लेक. आज मास्तरीण हायेत. कधीकाळी ह्याच शाळेत पोरी बोलावत होत्या. बाईनं त्यायले हाताले धरून वर आणलं!" लोकांनी माना डोलावल्या. दोन शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले, "मले बोलता येत नाही," म्हटलं आणि खाली बसले. दिवसभर चाळीस पोरींसमोर माझी जीभ चालते, तिला काही झालं नव्हतं. पण मला जे बोलायचं होतं ते हार घातलेल्या शालीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे.

हाताला धरून म्हणे! तुम्ही माझ्या हाताला उभ्या जन्मात हात लावला नाहीत. खडू द्यायचा तर जमिनीवर ठेवायचात, मी उचलायचा. ज्या बाईनं मला सात घरच्या पोरींदेखत 'म्हैस' म्हटलं, तिला देवी करून बसवायला निघालेत हे लोक. मला तुमचा राग होता आणि अजून आहे. पण परवा त्या ओसरीत तुमच्यापेक्षा मला त्यांचीच किळस जास्त आली.

सभेतल्या नव्या मास्तरांना तर 'मुली बोलावणारी' म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. एक जण मला हळूच विचारत होता, म्हणजे तुम्ही निरोप न्यायचात का? त्याला काय सांगणार! त्या काळी मुलगी आपल्या पायांनी शाळेत येत नसे. कुणीतरी बाईमाणसानं सकाळी दारोदार हिंडायचं, आयांच्या विनवण्या करायच्या, पोरींची ओळ करून शाळेत आणून सोडायची, आणि सुटल्यावर ज्याची त्याच्या दारात पोचती करायची. ते माझं काम. माझं लग्न उंद्रीला झालं होतं, नवरा तापानं गेला आणि मी भावाच्या घरी परत आले तेव्हा मला सतरावं होतं. शाळेला बोलावणारी पाहिजे होती, भावाला मी घरात नको होते, जमलं.

काय दिवस होते ते! उजाडता भावाबरोबर मळ्यात, वांग्याच्या वाफ्यांना पाणी. मग पोरी. "काकू, पोट्टी धाडा ना." "आज नाई वो माय, कापूस येचाले चालली." "मंग उद्या?" "उद्याचं उद्या. तुले काय जाते सांगाले?" कुणी कुत्रं अंगावर घालायचं, कुणी चुलीपुढून हलायचंच नाही. पोरी आणल्या की शाळा झाडायची, माठ भरायचा, आणि सुटेपर्यंत उंबऱ्याबाहेर बसायचं. परत गेलं की वहिनीबरोबर मिरच्या तोडायच्या, दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला. कालचा दिवस आणि आजचा दिवस यांत काडीचा फरक नसे. आणि या सगळ्यात तुमचं ते, "ए बाई, पाणी. ए बाई, दार लोट." दोन वर्षं तुम्ही मला नाव विचारलं नाहीत.

मी शिकले ते तुमच्यामुळे नाही, हे आधी नोंदवून ठेवते. जाता-येता वाटेत एक नाला लागायचा. लहान पोरींना कडेवर घेऊन तो ओलांडायला लागे. मी नियम केला, आज बाईनं काय शिकवलं ते जी म्हणून दाखवील तिलाच कडेवर, बाकीच्यांनी पाय भिजवायचे. पोरी घडाघडा म्हणायच्या. कविता, पाढे, धडे, सगळं. चार वर्गांचं सगळं माझ्या कानात साठत गेलं. अक्षर मात्र एकही ओळखीचं नव्हतं.

मग ती तपासणी आली. ऐन वेचणीचे दिवस, पोरी सगळ्या कापसात. पटावर तीसच्या वर नावं आणि शाळेत अकरा डोकी. इन्स्पेक्ट्रेसबाई दोन दिवसांनी येणार आणि वीस पोरी दिसल्या नाहीत तर शाळा मोडणार, असं चिखलीहून कळलं होतं. तुम्ही दुपारभर येरझारा घातल्यात. मग दाराशी आलात आणि मला नखशिखांत न्याहाळलंत.

"तुझं नाव काय ग?"

"कौतिका."

"हाडापेरानं लहान दिसतेस. परवा धुतलेलं लुगडं नेस आणि चौथीच्या रांगेत बस. तोंड उघडू नकोस."

तुम्ही हजेरीपट काढलात आणि माझं नाव चौथीत घालून आषाढापासूनची हजेरी भरत बसलात. मी उंबऱ्यातून पाहत होते. तीन टाक घेतले होतेत. एका दौतीत शाई घट्ट, दुसरीत पाणी घातलेली. चार दिवस या टाकानं, सहा दिवस त्या टाकानं, मधे दोन दिवस गैरहजर, एके ठिकाणी तर खाडाखोडसुद्धा केलीत. खरं वाटावं म्हणून! आम्हाला रोज सत्याचे धडे देणाऱ्या बाई तुम्ही. मला त्या दिवशी तुमच्याबद्दल जे वाटलं ते आदर नव्हतं एवढं खरं.

इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या. बूट घातलेल्या, हसऱ्या. माझ्यासारख्या आणखी आठ-नऊ जणी तुम्ही कुठून कुठून आणून बसवल्या होत्या. सगळं नीट चाललं होतं, आणि त्यांनी सहज विचारलं, "इतक्या लांबून या मुलींना आणतं कोण?" पहिलीतली रखमा उठून उभी राहिली आणि तिनं सरळ माझ्याकडे हात केला. "हे काय, हे कौतिकी! हेच आणते आमाले रोज. आज तं लईच लवकर आणलं."

मला वाटलं, आता ह्या बाईचं बिंग फुटलं, बरं झालं. तुम्ही पापणी हलवली नाहीत. "होय," म्हणालात. "ती काम करते आणि शिकतेही. दोन्ही. मीच तशी सोय लावली आहे. हा माझा प्रयोग आहे."

इन्स्पेक्ट्रेसबाईंना एवढा आनंद झाला की विचारू नका. मला म्हणाल्या, वाच. मी पुस्तक उघडलं आणि उंटाचा धडा सुरू केला. नाल्यात शंभरदा ऐकला होता, एक शब्द चुकला नाही. तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात आणि एका बोटानं पानं उलटून उंटाच्या धड्यावर आणून ठेवलीत. मी कवितेचं पान उघडून बसले होते. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ही मुलगी या वर्षी चौथीच्या परीक्षेला बसवावी आणि पास झाल्यास अमरावतीला नॉर्मल स्कूलमध्ये मास्तरकी शिकायला पाठवावी, मास्तरीण होईल.

तुमचा चेहरा काय पाहण्यासारखा झाला होता, बाई! शेरा लिहिला गेला होता. फाल्गुनात परीक्षा. आणि तुमच्या प्रयोगाला 'अ' ओळखता येत नव्हता. गावानं परवा ज्याला तुमचं थोर कार्य म्हटलं, त्याची ही सुरुवात. आपण केलेल्या लबाडीत पाय अडकला म्हणून तुम्ही मला शिकवलंत.

शिकवलंत तरी कसं! पटावर मी चौथीत, बसायला पहिलीत, रखमाशेजारी. सहा वर्षांची ती पोरगी माझा हात धरून 'ज' गिरवून घ्यायची आणि तुम्ही खुर्चीवरून म्हणायचात, "चौथीची विद्यार्थिनी, आणि 'ज' काढते की खेकडा?" पोरी फिदीफिदी हसायच्या. 'मले' म्हटलं की तुम्ही कानांवर हात ठेवायचात, जणू मी शिवी दिली. मी म्हटलं होतं, आता सकाळचं झाडणं तरी दुसऱ्या कुणाला सांगा. तुम्ही म्हणालात, "झाडण्यानं अक्षर बिघडत नाही. आणि ऐक, रोज वीस मुली आल्या नाहीत तर तुझा फॉर्म मी पाठवणार नाही." म्हणजे मी आता दुप्पट दारं ठोठावायची, आणि राहिलेल्या वेळात शिकायचं.

त्याच सुमारास भावानं जानेफळचं स्थळ काढलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात काही वावगं नाही. पण तो माणूस भावाच्याही पुढचा, पहिल्या बायकोची चार पोरं, थोरली माझ्या वयाची. मी म्हटलं, "भाऊ, माही परीक्षा होऊ दे."

"परीक्षा देऊन का डिप्टी होतं? दोन बैलजोड्या हाय त्याच्या घरी."

"अन् वय?"

"वयाचं का लोणचं घालतं? फाल्गुनात पाव्हणे येऊन राह्यले, घरी रायजो."

पाहुण्यांचा दिवस ठरला सोमवार. चिखलीला परीक्षा सुरू होत होती तीही त्याच सोमवारी. मी शनिवारी तुमच्याकडे आले होते, आठवतं? दोन महिन्यांत माझे डोळे खोल गेले होते. मळा, पोरी, झाडलोट, पहिली ते चौथी, आणि घरी वहिनीची तोंडपट्टी. मी रडत म्हटलं, "बाई, मले नाई जमत. काम करू का शिकू? तुम्ही एकदा घरी या, भावाले समजावून सांगा."

तुम्ही वाती वळत होतात. वर न पाहता म्हणालात, "मी कुणाच्या दारात जाऊन विनवण्या करत नाही. ते तुझं काम. जमत नसेल तर जा जानेफळला. भाकरी थाप. तिथे तुला 'ज' काढायला कोणी सांगणार नाही."

एवढंच. बस म्हटलं नाहीत, पाणी विचारलं नाहीत. परवा सभेत हे सांगितलं असतं तर कुणीतरी लगेच उठून म्हणालं असतं, पहा, बाईंची प्रेरणा देण्याची पद्धत! कसली पद्धत आणि कसली प्रेरणा. ती निव्वळ तुच्छता होती, आणि तुच्छतेला तुच्छता म्हणण्याइतपत शिक्षण मला मिळालं आहे. मी घरी जाताना दात-ओठ खात ठरवलं, की या बाईच्या नाकावर टिच्चून पास व्हायचं आणि हिचं तोंड पुन्हा पाहायचं नाही. त्या दोन दिवसांत मी जेवढं वाचलं तेवढं पुढे नॉर्मलच्या वर्षभरात वाचलं नाही.

सोमवारी उजाडायच्या आत मी घर सोडलं. फक्त वहिनीला सांगितलं, ती बिचारी नवऱ्याला भिऊन असायची, पण गप्प राहिली. चौथीच्या खऱ्या दोघी पोरींपैकी एकीच्या बापाची दमणी, हलकी बैलगाडी, निघाली होती, तीत मागच्या बाजूला पाय सोडून बसले. कमिटीनं शाळा बंद ठेवायची नाही असं बजावलं होतं, म्हणून तुम्ही गावातच राहिलात. वाटभर माझ्या मनात एकच, भाऊ मागून गाडी जुपून येईल आणि भर परीक्षेतून मला ओढून नेईल. गणिताच्या पेपरला बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की माझा टाक थांबायचा. तो आला नाही.

का आला नाही ते मला वहिनीनं सांगितलं. ती सांगताना हसत होती आणि पदरानं तोंड दाबत होती.

"तुह्या बाईनं त इज्जतच काढली वो पाव्हण्याची! तुहे भाऊ बैल जुपून राह्यले होते, तुले आणाले. तेवढ्यात ते बाई आली, मांगं वीसेक पोट्ट्या. भाऊले म्हणे, मुलगी पाठवा. भाऊ म्हणे, सखू लहान हाय आमची. त म्हणे, लहानच लागते. भाऊ म्हणे, सरका, मले चिखलीले जाचं हाय. त तिनं साऱ्या पोट्ट्या बैलायपुढं ओळीनं उभ्या केल्या अन् म्हणे, तेराचा पाढा म्हणा!"

"मंग?"

"मंग काय! बोळ भरून पोट्ट्या, गाडी निंगीन कशी? पाव्हणा बाहीर आला पाहाले. बाईनं त्याले खालून वरतं पाह्यलं. म्हणे, तुमची इयत्ता कोणती? पाव्हणा म्हणे, म्हंजे? त म्हणे, मुलगी चौथीत आहे, तुम्ही कितवीत? बरं, तेरा सत्ते किती? त साऱ्या पोट्ट्या वरडल्या, एक्क्याण्णव! बाई म्हणे, पहिलीत बसवीन तुम्हाला, उद्यापासून या. गल्ली लोटपोट हासली वो. पाव्हणा तसाच पागोटं उचलून गेला. ताटं वाढेल राह्यली."

मी विचारलं, "बसली का ते आपल्या घरी?"

"नाई. पाणी देलं म्या, त नको म्हणे. सखूले घेतलं अन् चालली."

पाणी घेतलं नाहीत! भर माळीवाड्यात वीस पोरी उभ्या करून माझं जिणं सोडवलंत आणि वहिनीच्या हातचं घोटभर पाणी चाललं नाही तुम्हाला. हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. सोवळं-ओवळं म्हणाल तर मग ते बैलांपुढे उभं राहताना कुठे गेलं होतं?

परीक्षेहून आले तेव्हा तुम्ही मला पेपर कसा गेला हे विचारलं नाहीत. म्हणालात, "मी सोमवारी बावीस आणल्या. तुझ्या कधी एकवीसच्या वर गेल्या नाहीत." मी म्हटलं, "तुम्ही आमच्या घरी गेल्या होत्या?" तुम्ही म्हणालात, "पट कमी होता." आणि पाठ फिरवलीत.

आपला हा वाद तिथेच राहिला. तुम्ही माझ्यासाठी गेला होतात की पटासाठी? मी त्याचा फार विचार केला आहे. माळीवाडा शाळेला लागून, मी रोज तिथूनच सुरुवात करायची. तुम्ही मात्र आधी सगळं गाव फिरलात, नाला ओलांडलात, वीस पोरी जमवल्यात आणि मग शेवटी आमच्या दारात आलात. असं उलटं कोण फिरतं? हे मी तुम्हाला तोंडावर विचारायला हवं होतं. पण तुम्ही 'रस्ता माहीत नव्हता' म्हणाला असतात, आणि मला चीड आली असती. म्हणून नाही विचारलं.

मी पास झाले. भाऊ सहा महिने माझ्याशी बोलला नाही. नॉर्मलला निघाले तेव्हा तुम्ही निरोपाचं एकच वाक्य बोललात, "तिथे 'मले' म्हणू नकोस, हसतील." अमरावतीला जाऊन पाहते तर तिथे सगळेच 'मले' म्हणत होते! कुणी हसलं नाही. मीच 'मला' म्हणायचे आणि माझ्याकडेच बघून पोरी हसायच्या. तुमचं वऱ्हाडाबद्दलचं ज्ञान एवढंच होतं, बाई. इतकी वर्षं इथलं अन्न खाऊन तुम्हाला इथली माणसं काय बोलतात ते कळलं नाही.

पुढे मी धामणगाव बढ्याच्या पलीकडे एका खेड्यात मास्तरीण झाले. माझं बरं चाललं. तपासणीत माझ्या शाळेचा शेरा चांगला असतो. माझा हजेरीपट अगदी चोख, एका शाईतला. खोटी हजेरी लावायची नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि ते तुमच्यावरूनच ठरवलं होतं. तुम्हाला हे ऐकवायची मला फार हौस होती.

संक्रांतीनंतर तुम्ही अंथरूण धरल्याचं कळलं म्हणून आले तेव्हा ऐकवलंही. तुम्ही खाटेवर, हात काड्यांसारखे, पण जीभ जिथल्या तिथे. मी आणलेली वांगी पाहून म्हणालात, "माळीणच राहिलीस." मग शाळेचं विचारलंत. मी सांगत गेले, पट किती, पास किती. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात.

"बोलावणारी आहे का?"

"आहे."

"किती वर्षं?"

"झाली सहा-सात."

"नाव काय तिचं?"

मी थांबले, बाई. पगाराच्या कागदावर मी तिचं नाव दर महिन्याला लिहिते. पण तोंडानं मी तिला 'ए बाई' म्हणते. नाव आठवायला मला एक क्षण लागला आणि तेवढ्यात तुम्ही डोळे उघडलेत.

"वाचते?"

"नाही."

"दारात बसते ना?"

"बसते. पण तिला कशात घालू? मुलींच्या वर्गात मोठ्या बाईचं नाव कसं लावायचं? मी खोटी हजेरी लावत नाही, बाई."

"ते दिसतंच आहे," तुम्ही म्हणालात. "मी खोटं लिहून एक केली. तू खरं लिहून किती केल्यास?"

मला असा संताप आला! मरायला टेकलेल्या माणसाला काय वाटेल ते मी बोलले. तुम्ही शाळा वाचवायला मला बसवलंत, तुम्हाला माझी कधी पर्वा नव्हती, मला 'म्हैस' म्हटलंत, खडू जमिनीवर ठेवलात, माझ्या वहिनीचं पाणी घेतलं नाहीत, आणि आता मला शिकवता? तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "झालं? आता ती वांगी शेजारणीकडे दे. मला चालत नाहीत." मी पाया न पडता निघाले. ही आपली शेवटची भेट.

मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. परवा मला रडू आलं नाही, आज लिहिताना येतं आहे आणि त्याचाही मला राग येतो. पाटलांच्या भाषणातली ती थोर बाई मला ओळखीची नाही. मला ओळखीची आहे ती तीन टाक घेऊन खोटी हजेरी भरणारी, कडवट, फटकळ, कुणाला जवळ न करणारी बाई. तिनं एका दुपारी एका बोलावणारीचं नाव विचारलं आणि ते पटावर लिहिलं. कशासाठी का लिहिना. त्या पटावर नाव नसतं तर मी आज जानेफळला कुणाच्या तरी सुनांच्या शिव्या खात असते.

माझ्या बोलावणारीचं नाव पार्वता. तिला दोन लेकरं आहेत, नवरा दारुडा आहे. पोरी वर्गात कविता म्हणतात तेव्हा दारात बसून तिचे ओठ हलतात. हे मी सहा वर्षं पाहते आहे. पाहिलंच नाही असं म्हणायची सोय नाही, कारण असे ओठ हलवण्याचा अर्थ या जिल्ह्यात माझ्याइतका कुणाला कळणार? मला कळत होतं आणि मी म्हणत होते, "ए बाई, दार लोट."

दुखवट्याची रजा आज संपली. उद्या ती चाळीस पोरी मोजून माझ्या हवाली करील आणि उंबऱ्याबाहेर बसेल. पट माझ्यासमोर असेल, टाक हातात असेल. नियमात तिला जागा नाही, आणि नियम मोडून एक नाव लिहायला जी छाती लागते ती माझ्यात आहे की नाही हे मला आत्ता, हे लिहीपर्यंत, कळलेलं नाही. तुमच्यात होती.